बैल बसेल तिथे मुक्काम

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहसा कीव करताना वापरतो. दर तीन वर्षांनी बदली होणारा कर्मचारी आणि भाड्याची खोली पुन्हा पुन्हा सोडावी लागणारे कुटुंब हिचे नेहमीचे धनी. पण विंचवाच्या पाठीवर घर नसते, पिल्ले असतात. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते आणि आडोसा जिथे मिळेल तिथे शोधते. म्हण रचणाऱ्याची नजर पक्की होती. बिऱ्हाड या शब्दातही हीच सरमिसळ आहे : भाड्याची जागा म्हणजे बिऱ्हाड, तिथला संसार म्हणजे बिऱ्हाड आणि त्या संसारातली माणसेही बिऱ्हाडच. यातले नेमके काय हलवायचे असते, हा प्रश्न मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या एखाद्या गल्लीत ‘छोटा हत्ती’ टेम्पो येऊन उभा राहिला की सुटता सुटत नाही. आलमारी जिन्यात अडकलेली असते, फ्रिजला दोर कमी पडतो, गॅसची शेगडी तळाशी गेलेली असते आणि संध्याकाळच्या चहाचे भांडे कुठल्या खोक्यात आहे ते कोणालाच ठाऊक नसते. अंतर म्हणाल तर यवतमाळपर्यंतचेच. थकवा मात्र पंधरा दिवस जात नाही.

हा थकवा सामानाच्या वजनाचा आहे, असे आपण धरून चालतो. इतिहास वेगळे सांगतो. घर हलवताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात : काय न्यायचे, कधी निघायचे, कुठे थांबायचे आणि कोणी काय करायचे. हे चारही निर्णय एकाच कुटुंबावर, एकाच आठवड्यात येऊन पडतात तेव्हा स्थलांतर जड होते. ते रूढीने आधीच ठरलेले असतील, आणि अनेकांत वाटलेले असतील, तर शेकडो कोसांची वाटही पेलते. हे तपासायला घाटंजीइतका चांगला मुलूख नाही. वाघाडी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव पूर्वी केळापूर तालुक्यात होते. जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी होते, ते 1905 मध्ये यवतमाळ झाले. गावाला रेल्वे आजही नाही. पण नागपूरहून हैदराबादकडे जाणारा जुना मार्ग शेजारच्या पांढरकवड्यावरून जातो, आणि या टापूत जागोजागी ज्यांचे तांडे आज घट्ट वसलेले दिसतात, त्या बंजारा समाजाने काही शतके, पावसाळा सोडला तर, अख्खे घर दररोज हलवले. रोज घर हलवणाऱ्याला त्याचा ताण परवडत नाही. म्हणून ताण कसा टाळायचा, हे त्यांच्या व्यवस्थेत पाहावे.

पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी 1632 मध्ये उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांच्या एका तांड्याला सामोरा गेला. त्या तांड्यात धान्याने लादलेले 14,000 बैल होते, अशी नोंद त्याने केली आहे. बायका-मुले तांड्याबरोबरच होती आणि एकेका तांड्यात अनेक कुटुंबे होती. त्याच शतकात हिंदुस्थानभर हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला, तर तो पार होईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावे लागे, असेही सांगतो. हे आकडे वाचून डोळ्यांसमोर धावपळ उभी राहते. मंडीने नोंदवलेला वेग मात्र उलट आहे : दिवसाला फार तर सहा-सात मैल, तेही उन्हाच्या आधी. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. हजारो बैलांची ही फिरती वस्ती, आणि ती दिवसाला चालायची घाटंजीच्या बाजारातून जवळच्या खेड्यात जाऊन यावे, इतकीच. या मंदपणाला कारण होते. बैलाला चरायला वेळ हवा, पाणी हवे, रवंथ करायला सावली हवी. चारा विकत घेऊन वाहतूक केली असती तर धान्याचा भाव बैलाच्या पोटातच गेला असता. वाटेवरचे गवत खात जाणारा बैल जवळजवळ फुकट चालत होता. वेळ खर्चून पैसा वाचवण्याचा हा हिशेब होता. त्याच हिशेबामुळे लेकुरवाळी बाई, म्हातारा माणूस आणि नुकतेच जन्मलेले वासरू तिघेही तांड्यात टिकू शकत होते.

पहिला प्रश्न : काय न्यायचे? तावर्निएच्या वर्णनात एक महत्त्वाचा तपशील आहे. त्याने बंजाऱ्यांचे चार गट सांगितले आहेत आणि प्रत्येकाचा माल एकच : एकाचा गहू-ज्वारीसारखे धान्य, दुसऱ्याचा तांदूळ, तिसऱ्याचा डाळी, चौथ्याचा मीठ. प्रत्यक्षात ही विभागणी इतकी काटेकोर असो वा नसो, तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. माल एक, म्हणून गोणी एका मापाची; गोणी एका मापाची, म्हणून लादणे आणि उतरवणे डोळे मिटून होणारे. बैलाच्या पाठीच्या दोन्ही अंगांना सारखा तोल घेऊन बसणारी जोडगोणी, तिचे वजन अडीच-तीन मणांच्या आसपास. बैलाची पाठ हेच माप होते आणि ते कोणाच्या हौसेने वाढत नव्हते. घरच्या वस्तूंनाही तोच नियम. धातूची चार भांडी, पाण्याची पखाल, पाल, वाकळ, दळायचे जाते. आणि संपत्ती म्हणाल तर ती अंगावर. बंजारा स्त्रीच्या कांचळीवरच्या आरशांकडे, कवड्यांकडे आणि चांदीच्या दागिन्यांकडे आपण नटण्याची हौस म्हणून पाहतो. तिजोरी नसलेल्या समाजात अंग हीच तिजोरी होती. ती बांधावी लागत नव्हती आणि कुठल्या गाठोड्यात गेली म्हणून शोधावीही लागत नव्हती. रंगीत टाक्यांनी भरलेली कोथळीही नुसती कलाकुसर नव्हती, प्रत्येक बारीक वस्तूला ठरलेले घर होते. आजच्या घरात वस्तूची जागा भिंतीच्या हिशेबाने ठरते. भिंत सुटली की वस्तू पोरकी होते. तांड्यात जागा ठरायची ती पिशवीच्या आणि बैलाच्या हिशेबाने, आणि ती जागा घराबरोबरच चालायची.

कुठे थांबायचे, या प्रश्नाचे बंजाऱ्यांनी शोधलेले उत्तर फारच देखणे आहे. बेरार, म्हणजे वऱ्हाड, पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंजाऱ्यांवर टिपण लिहिले. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथातला बंजाऱ्यांवरचा लेख बराचसा त्यावरच उभा आहे. त्यात ‘हातादिया’ नावाच्या बैलाची माहिती येते. हा देवाला सोडलेला बैल. त्याच्या पाठीवर कधीही ओझे लादत नसत. लाल रेशमी झूल, घुंगरे, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा घालून तो तांड्याबरोबर चाले, आणि दमून जिथे बसे तिथे तांड्याचा त्या दिवसाचा मुक्काम पडे. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकणे सोपे आहे, पण व्यवहार पाहावा. बिनओझ्याचा बैल दमला, याचा अर्थ लादलेले बैल त्याआधीच दमलेले आहेत. ज्याच्यावर कुठलाच भार नाही त्याचा थकवा हेच थांबण्याचे माप ठरवले, तर ज्याच्यावर भार आहे त्याला ‘आता पुरे’ असे म्हणावे लागत नाही. शिवाय निर्णय बैलाचा, म्हणून त्यावर वाद नाही. ‘अजून एक कोस रेटू’ म्हणणारा उत्साही आणि ‘इथेच टेकू’ म्हणणारा दमलेला, या दोघांचे भांडण हे प्रत्येक स्थलांतराचे अर्धे दुखणे असते. तांड्याने ते मुळातच काढून टाकले होते. मुक्कामावर गोण्या उतरवून रचल्या की त्यांचाच आडोसा होई, आत चुली पेटत, बाहेर कुत्री राखण करीत. माल हीच भिंत. आणि कधी निघायचे? पावसाळ्याचे चार महिने तर वाट बंदच. चाऱ्या-पाण्याची उंचवट्यावरची जागा धरून तांडा बसून राही. नदीला पूर असताना निघायचे का, हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता, कारण त्याचे उत्तर वर्षानुवर्षे तेच होते.

चौथा प्रश्न माणसांचा. तांड्याला नायक होता, कारभारी होता. वाट कुठली, व्यापाऱ्याशी बोली कशी, भांडण तुटायचे कसे, हे नायकाच्या बैठकीत ठरे. गुरे हाकणे, लादणे, पाल उभारणे, पाणी आणणे, या प्रत्येक कामाला माणूस ठरलेला. नायकाची सत्ता गावच्या पाटलासारखी जमिनीला बांधलेली नव्हती, ती माणसांना बांधलेली होती. म्हणून जागा बदलली तरी व्यवस्था बदलत नसे. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांत भंगी आणि जंगी या नायकांची कथा सांगितली जाते. शहाजहानच्या काळात, 1630 च्या सुमारास, मोगल सेनापती आसफखान दक्षिणेत उतरला तेव्हा त्याच्या फौजेला धान्य पुरवण्यासाठी हे दोघे आपले प्रचंड तांडे घेऊन आले आणि त्याबदल्यात त्यांना ताम्रपट मिळाला, असे ती कथा म्हणते. त्यात दिलेल्या सवलती पाहण्याजोग्या आहेत : कोणाच्याही रांजणातले पाणी घेण्याचा हक्क, छपराचे गवत घेण्याचा हक्क, आणि दिवसाला काही खूनही माफ. शेवटची सवलत कथेची फोडणी म्हणून सोडून देऊ. पहिल्या दोन मात्र फिरत्या घराच्या खऱ्या गरजा आहेत. ताम्रपट खरा की नंतर रचलेला, हा वाद संशोधकांचा. पण समाजाच्या आठवणीत सनद कशाची राहिली? सोन्याची नाही, जहागिरीची नाही, तर पाण्याची आणि चाऱ्याची. घर हलवणाऱ्याला वाटेवरच्या आणि पोचल्या गावच्या लोकांनी काय द्यावे, याचे इतके थोडक्यात उत्तर दुसरे मिळणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हे सगळे भटकेपणाचे कौतुक नाही काय? ज्यांच्याकडे सामानच नव्हते त्यांना हलणे सोपे गेले, यात शिकण्यासारखे काय? आणि पाणी भरणे, सरपण आणणे, पोर काखेत घेऊन पाल उभारणे, या कामांचा मोठा वाटा बायकांवर होता, ते या चित्रात कुठे बसते? यातला बायकांविषयीचा भाग निर्विवाद खरा आहे. तांड्याची शिस्त तिच्या पाठीवर उभी होती, आणि ‘वाटलेले काम’ म्हणजे ‘समान वाटलेले काम’ नव्हे. पण गरिबीचा मुद्दा तितका सरळ नाही. लदेणी, म्हणजे बैलांवर माल लादून वाहतूक, करणारा तांडा म्हणजे कंगालांचा जथा नव्हता. हजारो बैल हे त्या काळाचे मोठे भांडवल होते. 1803 मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडच्या लढाया लढला, त्या मोहिमेत त्याच्या फौजेचा धान्यपुरवठा बराचसा बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होता. मोगल, मराठे, निजाम, इंग्रज सगळ्यांना ज्यांची गरज पडे, त्यांच्याकडे सामान नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांच्याकडे हजारो मण सामान होते, आणि ते रोज उतरत-चढत होते. सोपेपणा आला तो एकसारखेपणामुळे आणि ठरलेपणामुळे. तो गरिबीचा गुण नव्हता.

ही व्यवस्था मोडली ती तिच्या दोषांमुळे नव्हे. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या हाती गेला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लदेणीच्या पोटावर पाय आला. राखीव जंगलांनी चराई आवळली, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्तेपणालाच संशयित ठरवले; तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसायला त्याहून जास्त वेळ लागला. तांडे थांबले, जमिनी कसू लागले. पुसद तालुक्यातल्या गहुली या अशाच वस्तीत 1 जुलै 1913 रोजी जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. घाटंजी तालुक्यातले तांडेही याच प्रवाहातले. गंमत अशी की थांबल्यावरही त्यांनी नाव बदलले नाही. पक्क्या भिंतींची, शाळा आणि ग्रामपंचायत असलेली वस्ती आजही ‘तांडा’च म्हणवते आणि तिथे नायक हे पद मानाचे राहते. बैल गेले, वाट गेली, पण ‘आपण कोणाबरोबर आहोत’ हा घराचा पत्ता टिकला.

शेतकरी गावात याचीच दुसरी आवृत्ती होती. इथे घर रोज हलत नसे, पण वर्षाचा एक दिवस हलण्यासाठी राखलेला होता. विदर्भात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. जुना करार संपतो, नवा मालक ठरतो, धान्य आणि रोख किती ते बोलले जाते, आणि गडी बायको-पोरांसह नव्या मालकाच्या गावी किंवा शेतावरच्या खोपटात जातो. हा मुहूर्त पंचांगातून आला असला तरी शेताच्या हिशेबाशी जुळतो. तोवर कापसाची उलंगवाडी झालेली असते, तूर-ज्वारी घरात आलेली असते, बैल मोकळे असतात, नद्यांचे पाणी उतरून बैलबंडी पार होण्याजोगी झालेली असते, आणि मृगापर्यंत नव्या जागेची डागडुजी करायला दोन महिने हातात असतात. पूल नव्हते त्या काळात वाघाडी असो की पैनगंगा, पावसाळ्यात बंडीभर संसार पलीकडे नेणे म्हणजे जिवाशी खेळ होता. शेजाऱ्याची बंडी मागून आणायची, चाकांवरच्या तट्ट्याच्या आत तळाशी जाते आणि पाटा, त्यावर धान्याची पोती, पोत्यांवर गाठोडी, वर आडवी घातलेली बाज आणि बाजेवर म्हातारी, हा क्रम कोणाला शिकवावा लागत नव्हता. जड ते तळाशी आणि संध्याकाळी लागणारे ते सगळ्यात वर : तवा, पीठ, काडेपेटी, कंदील. नव्या जागी सामान लागण्याआधी चूल लागायची, पाण्याचा गंज भरायचा, देव मांडले जायचे. बाकीचे आठ दिवसांनी. आजच्या मापाने पाहिले तर त्या रात्री घर अर्धेच लागलेले असे, पण चूल पेटली की ते घर झालेले असे.

सगळ्यांनी एकाच सुमारास हलायचे ही चाल उलट गोंधळ वाढवते, असा दुसरा आक्षेप घेता येईल, आणि त्याला परदेशातला भक्कम दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात घरभाड्याचे करार 1 मे रोजी एकाच दिवशी संपत. त्या दिवशी अर्धे शहर रस्त्यावर येई आणि गाडीवाले मागतील तो भाव द्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती पद्धत संपली. माँट्रियलमध्ये मात्र 1 जुलैला घर बदलण्याची रीत अजून चालू आहे, आणि तीत गाड्यांची टंचाई आहेच. मग पाडवा वेगळा कसा? फरक असा की न्यूयॉर्कमध्ये तारीख सामाईक होती, मदत सामाईक नव्हती. प्रत्येक कुटुंब तोच गाडीवाला भाड्याने घेण्यासाठी दुसऱ्याशी स्पर्धा करीत होते. गावात पाडव्याला हलणारी घरे थोडी आणि बंडीवाले पुष्कळ होते. बहुतेकांची बंडी ऐन त्या दिवसांत रिकामी उभी असे. सामाईक वेळ तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा ती मदत करणाऱ्याच्या फुरसतीची वेळ असते. तारीख एक केली आणि हात वेगळे ठेवले, तर बाजारच फक्त फुगतो.

हलणाऱ्याचा भार वाटून घेण्याच्या या तत्त्वाकडे सरकारी कायद्याने फार उशिरा पुरेसे पाहिले. 1894 चा भूसंपादन कायदा जमिनीचे आणि इमारतीचे मोल देई. घर बदलण्याच्या वाजवी खर्चाला त्यात जागा होती, पण पुनर्वसनाला नव्हती. धरणांनी गावेच्या गावे उठल्यानंतर महाराष्ट्राने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. 2013 च्या केंद्रीय कायद्याने तर विस्थापित कुटुंबाला सामान हलवण्यासाठी एकरकमी 50,000 रुपये आणि पहिले वर्षभर दरमहा 3,000 रुपये निर्वाह भत्ता सांगितला. त्यातली वाहतुकीची तरतूद बारकाईने वाचावी : कुटुंब, बांधकामाचे साहित्य, सामानसुमान आणि गुरे. यवतमाळच्या खेड्यात घर उठते तेव्हा सागाच्या बल्ल्या, चौकट आणि कवेलू काढूनच नेतात, हे कायद्याला शेवटी कळले. घाटंजी आणि पांढरकवडा परिसरात पसरलेले टिपेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले आणि पुढे आतली टिपेश्वर व मारेगाव ही गावे बाहेर हलवली गेली. त्याच 1997 साली मान्यता मिळालेल्या निम्न पैनगंगा प्रकल्पाने घाटंजी, आर्णी, माहूर, किनवट तालुक्यांतली गावे बुडिताच्या छायेत आणली. उठायचे की राहायचे हेच वर्षानुवर्षे ठरत नाही, तेव्हा भिंतीला गिलावा करावा की नाही, विहीर खोल करावी की नाही, मुलाचे लग्न या घरात करावे की नाही, असा प्रत्येक निर्णय लोंबकळतो. प्रत्यक्ष हलण्याइतकाच, किंबहुना जास्तच, भार ‘कधी’ या न सुटलेल्या प्रश्नाचा असतो. तांड्याच्या व्यवस्थेत सर्वांत आधी सुटलेला प्रश्न तोच होता.

सरकारने आपल्या नोकरांच्या बाबतीत मात्र नकळत पाडव्याचेच अनुकरण केले आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे धरला आणि बदल्या साधारणतः वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात असे म्हटले. शाळेची परीक्षा झालेली असावी आणि पाऊस लागलेला नसावा, हा त्यामागचा व्यवहार. सालगड्याच्या करारात आणि या कलमात दीडशे मैलांचे अंतर दिसते, पण दोन्ही एकाच गोष्टीसाठी आहेत : हलण्याची वेळ कोणाच्या मर्जीची राहू नये. कायद्यात अपवादांना वाट आहे आणि अधूनमधून होणाऱ्या बदल्यांची तक्रार जुनीच आहे. ऐन सत्रात बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या घरी जो गोंधळ उडतो, तो वस्तूंचा नसतो. मुलाची शाळा एका गावी, बायकोची नोकरी दुसऱ्या आणि सामान तिसऱ्या ठिकाणी, असा तो निर्णयांचा गोंधळ असतो.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. बैल नाहीत, नायक नाही, भाऊबंद चार शहरांत पांगलेले; आता पैसे टाकले की बांधाबांध करणारी माणसे दारात येतात, मग जुन्या चालीरीती उगाळून उपयोग काय? पैसे टाकून हात मिळतात, हे खरे आणि चांगलेही आहे. बायकांच्या पाठीवरचे ओझे त्याने थोडे उतरले. पण भाड्याचा माणूस वस्तू उचलतो, निर्णय उचलत नाही. काय ठेवायचे ते तो विचारत राहतो, आणि उत्तर नसले की सगळेच भरतो. म्हणूनच बांधाबांधीवर पैसा खर्चूनही नव्या घरी पंधरा दिवस खोकी उघडण्यात जातात. जुन्या व्यवस्थेतून घ्यायचे ते निर्णयांचे वाटप, आणि त्याला बैल लागत नाही. गाडी ठरवण्याआधी माप ठरवावे आणि त्यात मावेल तेवढेच भरावे. तांड्याने पाठ पाहून गोणी भरली, गोणी पाहून पाठ शोधली नाही. कामे नावानिशी वाटावीत, आणि या वेळी स्वयंपाकघर एकट्या बाईच्या नावावर टाकू नये. पहिल्या रात्रीचे सामान, म्हणजे चहाची भांडी, अंथरूण, औषधे, मुलांची वह्या-पुस्तके, वेगळ्या पिशवीत घेऊन ती शेवटी चढवावी आणि आधी उतरवावी. आणि घरातल्या सगळ्यात कमी ओझे असलेल्या माणसाने ‘दमलो’ म्हटले की सगळ्यांनी थांबावे, मग खोकी अर्धी उघडलेली का असेनात.

राहता राहिला तो पोचल्या गावचा वाटा. भंगी-जंगींच्या ताम्रपटात रांजणाचे पाणी आणि छपराचे गवत मागितले होते. घाटंजीच्या कुठल्याही गल्लीत नवे बिऱ्हाड उतरते तेव्हा शेजाऱ्याला देण्यासारखे आजही तेवढेच असते : पाण्याची एक कळशी, चहाचे चार कप आणि नळाला पाणी किती वाजता येते ही माहिती. मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांच्या फौजा पोसणाऱ्या तांड्यांनाही याहून जास्त मागावेसे वाटले नव्हते.